किरणोपचारासाठी निर्वाह भत्ता हवा

महोदय,

सर्व जिल्हा रुग्णालयांत तीन वर्षांत कर्करुग्णांसाठी डे-केअर केंद्रे (त्याच दिवशी उपचार घेऊन घरी परतण्याची सोय) सुरू करण्याची घोषणा 2025-26 च्या केंद्रीय अर्थसंकल्पात झाली. त्यामुळे केमोथेरपीचे हेलपाटे वाचतील, पण किरणोपचाराचा (रेडिएशनचा) प्रश्न सुटणार नाही. हे उपचार अनेकदा आठवड्यातून पाच दिवस, पाच-सहा आठवडे सलग घ्यावे लागतात आणि त्यासाठीचे यंत्र, जाड काँक्रीटची खोली व प्रशिक्षित भौतिकतज्ज्ञ बहुतांशी मोठ्या शहरांतच एकवटलेले आहेत. गडचिरोली जिल्ह्यातील सिरोंच्याहून नागपूर साडेतीनशे किलोमीटरच्या घरात आहे. तेथील रुग्णाने रोज ये-जा करायची तरी कशी? महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेतून उपचारांचा खर्च भागतो, मात्र दीड महिन्याचे खोलीभाडे आणि सोबत्याची बुडालेली मजुरी त्यात बसत नाही. (परळच्या टाटा रुग्णालयाबाहेर पदपथावर मुक्काम करणारी कुटुंबे काही हौसेने तेथे राहत नाहीत.) उपचारात खंड पडला की आजार पुन्हा बळावण्याचा धोका वाढतो, हे डॉक्टर बजावून सांगतात. प्रत्येक जिल्ह्यात यंत्र लगेच बसणार नाही, हे मान्य. परंतु क्षयरुग्णांना पोषणासाठी थेट बँक खात्यात पैसे मिळतात, तसा निर्वाह भत्ता किरणोपचाराच्या काळात दूरच्या तालुक्यांतील रुग्णांना देण्यास आणि उपचारकेंद्रांलगत धर्मशाळा उभारण्यास शासनाला कोणती अडचण आहे?

– एक वाचक, गडचिरोली