ऑपरेशनला नको, ती घरी आल्यावर ये

ता. राळेगाव, जि. यवतमाळ

चि. बाबूस अनेक आशीर्वाद.

आईच्या ऑपरेशनच्या दिवशी सुट्टी टाकून येतो म्हणालास. ऐकून मन भरून आलं, पण त्या दिवशी येऊ नको. फोनवर हे सांगता येत नाही. तुझी आई फोन मागून घेते आणि "काई नाई बापा, साधंच हाय, तू तुई नोकरी पाय" म्हणून ठेवून देते. म्हणून लिहितो आहे. तुझ्याकडे जेवढी सुट्टी असेल, ती सगळी आई घरी आल्यानंतरसाठी राखून ठेव.

बापाने मुलाला आईच्या अशा दुखण्याबद्दल लिहावं अशी आपल्याकडे रीत नाही. पण तुला तिचं करायचं आहे तर सगळं माहीत पाहिजे. किमोने कॅन्सरची गाठ लहान झाली. आता सेवाग्रामला, कस्तुरबा रुग्णालयात, तिचा डावा स्तन पूर्ण काढतील आणि त्या बाजूच्या काखेतल्या गाठीही काढतील. किमोनंतर रक्तातल्या पेशी भरून याव्या म्हणून तीन-चार आठवडे थांबवतात, पण त्यापुढे उगाच लांबवू नका असं डॉक्टरांनी बजावलं आहे. तुझी आई म्हणे, "पयला वेचा होऊ द्या, मंग जाऊ." मी मान्य केलं नाही. कापूस मजूर बाया वेचतील, नाही वेचला तर पऱ्हाटीवर राहील.

तयारी चालू आहे. रक्त, साखर, ईसीजी झालं. हृदयाची इको पण झाली, कारण किमोतल्या लाल औषधाने हृदयावर ताण येऊ शकतो आणि भूल देणाऱ्या डॉक्टरांना ते आधी पाहावं लागते. तीन गोळ्यांचं एक प्लास्टिकचं यंत्र दिलं आहे. नळीतून श्वास आत ओढला की गोळ्या वर चढतात. भूल उतरल्यावर छातीत कफ साचू नये म्हणून हा सराव आतापासूनच करायचा. सकाळी ओसरीत बसून ती करते, दोन गोळ्या सहज चढतात, तिसरी कधी चढते कधी नाही. गुडाखू तिने बंद केला, तंबाखूने जखम भरायला वेळ लागतो म्हणून. किती वर्षांची सवय ती! पहिले काही दिवस डोकं धरून बसत होती, पण पुन्हा हात लावला नाही. मला तिचा फार अभिमान वाटला.

पैशाची काळजी करू नको. महात्मा फुले जनआरोग्य योजनेत मंजुरी आली. रेशन कार्ड आणि आधार घेऊन दवाखान्यातल्या आरोग्यमित्राकडे गेलो, कागद त्यांनीच पुढे पाठवले. तू पाठवलेले पैसे बँकेत तसेच आहेत, ते जाण्यायेण्याला आणि खोलीच्या भाड्याला लागतील.

एका गोष्टीने मात्र ती अडून बसली होती. ऑपरेशनला जाताना अंगावर काहीच ठेवता येत नाही. बांगड्या, जोडवे, नथनी, मंगळसूत्र, सगळं काढावं लागते. ऑपरेशनची तिला भीती नाही, मंगळसूत्र काढायची भीती. रात्री झोपेना. मी तिला म्हटलं, ते माझ्या शर्टाच्या खिशात राहील, तू बाहेर येईपर्यंत मी तिथून हलणार नाही, आणि शुद्धीवर आलीस की मीच घालून देईन. तेव्हा कुठे मानली.

गावातले लोक काय काय सांगून राहिले ते तुझ्याही कानावर येईल. चाकू लागला की कॅन्सर अंगभर पसरते, हे तर जो येतो तो सांगतो. माणसं उशिरा दवाखान्यात जातात, तेव्हा रोग आधीच पसरलेला असतो आणि दोष ऑपरेशनवर येतो. डॉक्टर गाठीसोबत भोवतालचा चांगला भागही काढतात, काही शिल्लक राहू नये म्हणूनच. कोणी म्हणते तिचं ताट वेगळं ठेवा. हा रोग एकाचा दुसऱ्याला लागत नाही. नातवांना तिच्या मांडीवर बसू द्यायचं, सूनबाईलाही हे नीट सांग. आणि वरणाने जखमेत पू होतो म्हणतात, ते तर अजिबात ऐकायचं नाही. जखम भरायला प्रोटीन लागते. घरची तूर आहे, चण्याची डाळ आहे, शेंगदाणे आहेत. दूध आणि अंडी मी बांधून घेतली आहेत.

आता नंतरचं सांगतो, कारण खरं काम तिथं आहे.

ऑपरेशनच्या दिवशी वॉर्डात एकच माणूस थांबू देतात. ताई येते आहे, बाहेर मी आहे. तू येऊन बाकावर बसशील आणि दोन दिवसांत परत जाशील. त्याने तिला काय मिळणार? काही दिवसांनी तिला दवाखान्यातून सुट्टी होईल, पण बगलेजवळची नळी तशीच राहील. तिला ड्रेन म्हणतात. आतलं रक्त-पाणी त्यातून डब्यात येते. रोज ठरल्या वेळी ते मोजून वहीत लिहायचं आणि डबा पुन्हा दाबून लावायचा. चोवीस तासांत साधारण तीस मिलिलिटरच्या खाली आलं की नळी काढतात, त्याला एक-दोन आठवडे लागू शकतात. आधी लालसर, मग पिवळसर पाणी येते, ते ठीक. ताप आला, जखम लाल झाली, घाण वास आला किंवा नळी अचानक बंद पडली तर त्याच दिवशी दवाखान्यात. हे मी करीन, ताईही शिकून घेईल.

तुझी गरज त्याच्या पुढे आहे. ताई सासरी जाईल, पाहुणे येणं थांबेल, वेचणीचा जोर असेल, मी दिवसभर वावरात. घरी तिला व्यायाम करायचा असतो. पहिल्या दिवसापासून मूठ उघड-झाक, कोपर वाकवणं. नळी निघाल्यावर भिंतीला तोंड करून बोटांनी हात वर चढवत न्यायचा, रोज थोडा उंच. दुखते म्हणून बाया हात छातीशी धरून बसतात आणि खांदा आखडून जातो. तसं झालं तर पुढे शेक देताना अडेल, कारण रेडिएशनच्या वेळी हात डोक्यावर घेऊन झोपावं लागते. भिंतीवर पेन्सिलीने खूण कर, दुसऱ्या दिवशी त्याच्या वर जायला लाव. माझं ती ऐकत नाही, "तुमाले काय समजते" म्हणते. तुझं ऐकते.

आणि तो हात जन्मभर जपायचा आहे. काखेतल्या या गाठी सगळ्यांनाच असतात, त्या हातातलं पाणी वाहून नेतात. त्या काढल्या की वावरातला चर बुजावा तसं होते, पाणी हातात तुंबते आणि हात सुजतो. ही सूज काही महिन्यांनी येऊ शकते, काही वर्षांनीही. एकदा आली की पूर्ण जात नाही. त्या हाताला इंजेक्शन, सलाईन, बीपीचा पट्टा नको, घट्ट बांगड्या नकोत, पाण्याचा गुंड उचलायचा नाही. तिथे ओरखडा पडून जंतू गेले तर सूज लवकर येते. कापूस वेचताना बोंडाची वाळलेली टोकं बोटांत कशी घुसतात हे तुला माहीत आहे, लहानपणी तूही ओटी बांधून तिच्यामागे फिरला आहेस. म्हणून वेचणीला ती परत जाणार नाही, हे मी ठरवलं आहे. तिला ते पटलेलं नाही. दुसऱ्या वेच्याच्या वेळी ती ओटी शोधेल, तेव्हा तू घरात पाहिजे. रागावू नको, सोबत बस. बियाण्याचा, मजुरीचा हिशेब तिच्याकडे दे, तिला काम नसलं की घर खायला उठते.

काखेखालचा, दंडाच्या आतला भाग बधिर वाटेल, मुंग्या येतील. तिथली नस ऑपरेशनमध्ये दुखावते म्हणून. ती घाबरली तर तिला हे सांग. छातीची जागा ती कोणाला दाखवणार नाही, तूही विषय काढू नको. तिनेच काढला तर मात्र उठून जाऊ नको. ऐकून घे.

काढलेल्या भागाचा रिपोर्ट यायला दोन-तीन आठवडे लागतील. त्यावरून रेडिएशन आणि हार्मोनच्या गोळ्या ठरतील. गोळ्या लागल्या तर किमान पाच वर्षं, त्याही न चुकता. रेडिएशन आठवड्यातले पाच दिवस, काही आठवडे. रोज येणं-जाणं तिला झेपणार नाही, सेवाग्रामला खोली करू. रिपोर्टचं काहीही विचारायचं तर मला विचार, तिला नको.

महाराष्ट्र एक्सप्रेसने ये, वर्ध्याला उतर, मी घ्यायला येतो. येताना पुढून बटणं असलेले सैल सुती गाऊन आण, डोक्यावरून घालायचे तिला जमणार नाहीत. तिकीट निघालं की तारीख कळव, म्हणजे ताईला तसं सांगता येईल.

सूनबाईला आणि लेकरांना आशीर्वाद.

तुझा
बाबा