ट्रिसची बाटली की मिठाची बरणी?

संपादक साहेब, नमस्कार.
आमच्या पाषाणच्या लॅबमध्ये परवा ट्रिस हायड्रोक्लोराइडची (द्रावणाचा पीएच, म्हणजे आम्लता, स्थिर ठेवायला वापरतात ती पावडर) 500 ग्रॅमची बाटली आली, लेबलवर 99 टक्क्यांच्या वर शुद्ध, आणि उघडली तर पावसाळ्यात मिठाच्या बरणीत होतात तशी ढेकळं, म्हणजे ओल लागलीच होती ना! डीलर म्हणतो चाळून वापरा. अहो, बेसन आहे का हे? पावडरीसोबत पाण्याचंही वजन होतं, मग मोलॅरिटी, म्हणजे द्रावणाची तीव्रता, चुकणारच. त्यात ट्रिस आधीच नखरेल, 25 डिग्रीला पीएच 8 सेट करा, कोल्डरूममध्ये 4 डिग्रीला तोच साधारण 8.6 दाखवतो. सर्टिफिकेट मागितलं तर दुसऱ्याच बॅचचं पाठवलं. बदली बाटलीला तीन आठवडे म्हणे, तोवर पोरांचं काम ठप्प.
– एक लॅब टेक्निशियन, पुणे