ग्रंथपाल काकांना, मनापासून

आदरणीय काका,

तुम्ही निवृत्त झाल्याचं कळलं आणि हे पत्र सगळ्यांसमोरच लिहावंसं वाटलं. आपल्या वाचनालयातल्या कितीतरी जणांना विज्ञान कादंबरीची गोडी तुमच्यामुळे लागली, ते तुमच्यापर्यंत पोहोचायला हवं.

‘चांगलं काही सुचवा’ म्हटलं की तुम्ही पुस्तक काढायच्या आधी विचारायचात, ‘शेवटचं आवडलेलं कुठलं?’ मी इतिहास वाचणारा. विज्ञान आपल्याला झेपायचं नाही, असं सांगितल्यावरही तुम्ही नारळीकरांची ‘वामन परत न आला’ दिलीत, कारण तिच्यात उत्खनन आहे. जमिनीखाली सापडलेल्या एका पेटीतून, आपल्याआधी होऊन गेलेल्या प्रगत संस्कृतीचा माग लागतो. मला धरून ठेवायला तेवढं पुरलं. १९७४ साली मराठी विज्ञान परिषदेच्या स्पर्धेत नारळीकरांनी ‘नारायण विनायक जगताप’ या नावाने कथा पाठवली होती, स्वतःची आद्याक्षरं उलटी करून, हेही तुमच्याकडूनच कळलं.

मग इंग्रज लेखक आर्थर क्लार्कची ‘राँदेव्हू विथ रामा’. बाविसाव्या शतकात सूर्यमालेत शिरलेलं पन्नास किलोमीटर लांबीचं दंडगोल यान, आत उतरलेली माणसं, आणि यान कोणी व कशासाठी बांधलं याचं उत्तर न देता संपणारी कादंबरी. पुरातत्त्वाचंच काम, फक्त अवकाशात! तिच्यानंतरच तुम्ही पोलिश लेखक स्टानिस्लाव्ह लेमची ‘सोलारिस’ हातात ठेवलीत. एका ग्रहावरचा विचार करणारा महासागर, त्याच्यावर पिढ्यानपिढ्या लिहिले गेलेले ग्रंथ, आणि तरीही तो माणसाला न कळलेला. ‘रामा’ने अनुत्तरित प्रश्नाची सवय लावली नसती, तर ती मी अर्ध्यावर सोडली असती. हा क्रम तुम्ही विचार करून लावला होता, हे मला फार उशिरा उमगलं.

शेती करणाऱ्या एका वाचकाला तुम्ही ‘द मार्शियन’ दिलीत. मंगळावर एकटा अडकलेला माणूस स्वतःच्या विष्ठेचं खत घालून बटाटे पिकवतो, एवढंच सांगून. पुढच्या आठवड्यात त्यांनी खताच्या हिशोबावर तुमच्याशी घातलेला वाद मी शेजारच्या टेबलावरून ऐकला आहे. शेवट मात्र तुम्ही कधीच कोणाला सांगितला नाहीत. याबद्दल वेगळे आभार.

आता मित्रमंडळी मला पुस्तकं विचारतात. मीही आधी तुमचाच प्रश्न विचारतो.

एक मदत अजून हवी आहे. माझी भाची आठवीत आहे, समुद्री जीवांची तिला भयंकर हौस. यंत्रमानव म्हटलं की कंटाळते. भा. रा. भागवतांनी मराठीत आणलेला ज्यूल व्हर्न आधी द्यावा, की थेट नारळीकर? सवडीने कळवा.

तुमचा,
एक जुना सभासद