‘होईल सवय’ म्हणून कुत्र्याला गाडीत कोंबू नका

संपादक महोदय,

सुट्ट्या जवळ आल्या की प्रवासाची तयारी कशी करावी, यावर वृत्तपत्रांतून भरपूर लिहिले जाते. गाडीचे टायर, औषधांची पिशवी, मुलांचा खाऊ या सगळ्यांची त्यात आठवण ठेवलेली असते. कुत्रा सोबत येणार असेल तर त्याची तयारी मात्र पट्टा आणि पाण्याचे भांडे यांवर उरकली जाते. ज्याला गाडीच सहन होत नाही, अशा कुत्र्याबद्दल विचारले तर ‘दोन-चार वेळा न्या, होईल सवय’ असे उत्तर मिळते. हा सल्ला चुकीचा आहे आणि तो फार सहजपणे दिला जातो, म्हणून हे पत्र.

घाबरलेल्या प्राण्याला तीच गोष्ट बळेच पुन्हा पुन्हा सोसायला लावली, तर भीती जाण्याऐवजी बहुधा मुरत जाते. पिल्लू गाडीत पहिल्यांदा बसते ते बहुतेकदा आईपासून आणि भावंडांपासून दूर नेले जाताना, आणि त्यानंतर बसते ते लस टोचून घ्यायला दवाखान्यात जाताना. त्यातच पिल्लांना गाडी लागण्याचे प्रमाण मोठ्या कुत्र्यांपेक्षा जास्त असते, कारण शरीराचा तोल सांभाळणारी कानाच्या आतली यंत्रणा त्या वयात पुरती तयार झालेली नसते. पुष्कळ पिल्लांचा हा त्रास वयाबरोबर कमी होतो. पण तोवर गाडी आणि मळमळ यांची सांगड डोक्यात इतकी पक्की बसलेली असते की, पोट सुधारल्यावरही नुसते गाडीचे दार उघडताच लाळ गळू लागते. दोन गोष्टी सतत एकापाठोपाठ येत गेल्या की पहिलीची चाहूल लागताच शरीर दुसरीच्या तयारीला लागते, हे रशियन शास्त्रज्ञ पावलॉव्ह यांनी दाखवून दिले तेही कुत्र्यांवरच.

तेव्हा खरी तयारी म्हणजे ही सांगड मोडून नवी बांधणे, आणि तिला निघण्याच्या आदल्या दिवशी नव्हे, काही आठवडे आधी सुरुवात करावी लागते. गाडी उभी, इंजिन बंद, दोन्ही बाजूंची दारे उघडी आणि आत त्याचा आवडता खाऊ, एवढ्यावरच पहिले काही दिवस थांबावे. कुत्रा पुढचे दोन पाय आत ठेवतो, मान लांब करून खाऊ उचलतो आणि मागचे पाय मात्र जमिनीवर घट्ट रोवलेले ठेवतो. नेमक्या याच क्षणी आपल्याला त्याला मागून ढकलण्याचा मोह होतो. तो आवरावा. त्याला मागे फिरायचे असेल तर फिरू द्यावे, कारण सुटकेची वाट मोकळी आहे हे कळल्याखेरीज तो स्वतःहून आत चढणार नाही. पुढे दार लावून बसणे, मग इंजिन सुरू करून जागच्या जागी बसणे (हे मात्र उघड्यावर, बंद गॅरेजमध्ये कदापि नाही), मग गल्लीच्या टोकापर्यंत जाऊन परत येणे, असे सावकाश वाढवावे आणि सुरुवातीच्या फेऱ्या मैदानासारख्या त्याच्या आवडीच्या ठिकाणी संपतील असे पाहावे. एरवी हातातून हिसकावून घेणारा कुत्रा गाडीत खाऊला तोंड लावत नसेल, तर आपण घाई केली असे समजून एक पायरी मागे यावे. वारंवार ओठ चाटणे आणि एकामागून एक जांभया देणे हीसुद्धा अस्वस्थतेचीच लक्षणे आहेत. त्याला झोप आली आहे, असे समजून कौतुकाने पाहत बसणारे पुष्कळ भेटतात.

पोटभर जेवण निघण्यापूर्वी तीन-चार तास आधी आटोपावे; पाणी मात्र तोडू नये. एवढे करूनही उलट्या होत असतील, तर पशुवैद्य मॅरोपिटंट हे औषध देऊ शकतात. ते प्रवासाच्या साधारण दोन तास आधी, वजनाप्रमाणे ठरवलेल्या मात्रेत दिले जाते आणि गुंगी न आणता उलटी थांबवते. नुसत्या गुंगीच्या औषधाने कुत्रा गप्प पडून राहिला, तरी त्याची भीती शमलेली असतेच असे नाही. माणसांच्या गोळ्या अंदाजाने देणे तर सर्वस्वी टाळावे.

कुत्रा गाडीत रमला म्हणून त्याला मोकळे सोडता येत नाही. ताशी ५० किलोमीटर वेगाची गाडी आदळून थांबली, तर सुटा कुत्रा सुमारे १० मीटर उंचीवरून पडावा तेवढ्या वेगाने पुढे फेकला जातो, आणि त्याच्यापुढे बहुधा कोणाची तरी मान असते. म्हणून छातीभोवतीचा हार्नेस सीटबेल्टला अडकवावा किंवा घट्ट बांधलेला क्रेट वापरावा. गळ्यातला पट्टा कधीही अडकवू नये, कारण धक्क्याचा सारा भार मानेवर येतो. एअरबॅगमुळे पुढची सीट वर्ज्य. खिडकीबाहेर डोके काढलेला कुत्रा छायाचित्रात छान दिसतो, पण धूळ आणि खडे त्याच्या डोळ्यांत जातात.

उन्हात उभ्या केलेल्या गाडीत कुत्र्याला ‘पाच मिनिटांसाठी’ ठेवण्याबद्दल अधिक कडक भाषेत लिहायला हवे. २००५ साली अमेरिकेत प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात बाहेरचे तापमान २२ ते ३६ अंश सेल्सिअस असताना उन्हातल्या बंद गाडीतले तापमान तासाभरात सरासरी २२ अंशांनी वाढले, त्यातली ८० टक्के वाढ पहिल्या अर्ध्या तासातच झाली आणि काचा थोड्या खाली ठेवल्याने जवळजवळ काहीच फरक पडला नाही. कुत्र्याला आपल्यासारखा अंगभर घाम येत नाही, तो मुख्यतः धापा टाकूनच शरीर थंड ठेवतो. भोवतालची हवाच तापली की हा उपाय निकामी होतो आणि शरीराचे तापमान ४१ अंशांच्या वर गेल्यास जीव धोक्यात येतो. पग, बुलडॉग अशा बसक्या नाकाच्या कुत्र्यांना तर त्याहूनही कमी वेळ मिळतो.

दर दोन तासांनी थांबताना दार उघडण्याआधी पट्टा लावावा, हे साधे वाटते. पण अनोळखी रस्त्यावर बिथरून पळालेला कुत्रा सापडणे कठीण असते. आपल्या दैनिकात प्रवासाच्या सूचना यापुढे छापल्या जातील, तेव्हा त्यांत निदान बंद गाडीतल्या तापमानाचे आकडे ठळकपणे द्यावेत, ही विनंती.

आपला,
एक श्वानपालक वाचक