‘वाटा’ला इंग्रजीत काय म्हणायचं?

महोदय,

अकोले तालुक्यातल्या एका द्विशिक्षकी जिल्हा परिषद शाळेत मी शिकवते. तिसरी-चौथी माझ्याकडे. यंदा आमच्या केंद्रात, म्हणजे आसपासच्या शाळांच्या गटात, ‘इंग्लिश कार्निव्हल’ झाला. ग्रुपवर मेसेज पडला तेव्हा हातात बारा दिवस होते आणि बसवायचं होतं एक भाषण, एक नाटुकलं, एक स्टॉल.

भाषण मीच लिहून दिलं. चौथीतल्या मुलीनं चार दिवसांत घडाघडा पाठ केलं. सहज मध्येच थांबवून विचारलं, ‘व्हॉट इज युवर मदर्स नेम?’ पोरगी क्षणभर गडबडली आणि पुन्हा ‘रिस्पेक्टेड गेस्ट्स’पासून सुरू झाली. तिचं काय चुकलं? मी तिला तेवढंच शिकवलं होतं.

नाटुकल्याबद्दल न बोललेलं बरं. परी आणि पोलिसाच्या भाड्याच्या ड्रेसला दीडशे रुपये पडले. कांद्याची रोपं लावायला जाणाऱ्या आईचा तो अर्धा रोज.

स्टॉल मात्र भाजीचा लावला आणि तिथे मजा आली. आमची पोरं आठवडी बाजारात आईबापाजवळ बसून वाढलेली. निम्मी घरी ठाकर समाजाची ठाकरी बोली बोलतात, पुस्तकातली मराठीसुद्धा त्यांना शाळेत येऊनच भेटली. पण भाव करणं कुणी शिकवावं लागत नाही. ‘हाऊ मच?’ ‘फिफ्टीन.’ ‘नो नो, टेन!’ फिफ्टीन आणि फिफ्टी यांवरून रोज भांडणं, कारण नोटा खोट्या, कागद कापून केलेल्या असल्या तरी हिशेब खरा होता. वर्षभर फळ्यावर लिहून जो फरक कानात बसला नव्हता, तो पस्तीस रुपयांचा फटका बसल्यावर दोन दिवसांत बसला.

पावशेरला ‘टू फिफ्टी ग्रॅम्स’ झालं, जुडीला ‘बंच’ झालं. अडलं ते वाट्यापाशी. ‘बाई, वाटाला इंग्रजीत काय?’ शब्दकोश बघून मी म्हटलं, ‘हीप.’ तिसरीतला एक जण म्हणाला, ‘हीप म्हणजे ढीग ना? वाटा तर बघून-मोजून लावतात.’ मला उत्तर सुचलं नाही. मग ठरलं, ‘वन वाटा, टेन रुपीज.’

कार्निव्हलच्या दिवशी ‘मराठी शब्द वापरला’ म्हणून परीक्षकांनी स्टॉलचे गुण कापले. भाषणात आमचा पहिला नंबर आला. म्हणजे हे पत्र हरल्याच्या रागातून लिहिलेलं नाही. बक्षिसाची ढाल ऑफिसच्या कपाटावर आहे. पण इंग्रजीतला ‘मंगूस’ आपल्या मुंगसावरून गेला, हे इंग्रजांचे शब्दकोशच सांगतात. त्यांना मुंगूस चाललं, आपल्याला वाटा चालत नाही!

राज्यात पहिलीपासून इंग्रजी आलं २००० साली. त्या पहिल्या तुकडीतले काही जण आता माझ्या वर्गातल्या मुलांचे आईबाप आहेत. पाटी वाचतात, फॉर्म भरतात. ‘बोलायची वेळ आली की तोंडच उघडत नाही बाई,’ हे त्यांच्यातल्याच एकानं मला सांगितलं. त्यांच्या पोरांनाही आपण पुन्हा भाषणंच पाठ करायला लावतो आहोत.

संयोजकांना विनंती आहे की पुढच्या वर्षी पाठांतराचं भाषण वगळा. परीक्षकांनी खुर्चीतून उठून गिऱ्हाईक व्हावं, घासाघीस करावी, आधी न सांगितलेले दोन प्रश्न विचारावेत. पोरगं अडलं तर ते हातवारे करतं, दुसऱ्या शब्दानं सांगतं की गप्प बसतं, ते बघून गुण द्यावेत. ड्रेस नकोतच. आणि मेसेज दिवाळीच्या सुट्टीआधी टाका. बारा दिवसांत घोकंपट्टीशिवाय दुसरं काही होत नाही, हे मी स्वतः करून बसले आहे.

आमच्या वर्गातला स्टॉल अजून मोडलेला नाही. शनिवारी शेवटच्या तासाला लागतो. गिऱ्हाइकं दोनच, मी आणि पहिली-दुसरीचे सर. गेल्या शनिवारी ‘वन वाटा’ बारा रुपयांवर गेला. का, म्हणून विचारलं तर भाषणवाली मुलगी म्हणाली, ‘रेन कम, बाई. टोमॅटो लेस.’

– एक प्राथमिक शिक्षिका, ता. अकोले, जि. अहिल्यानगर