‘पिक अप’ची गाठ सोडवणाऱ्या बाईंना

आदरणीय बाई,
सा. न. वि. वि.

फ्रान्समधल्या लियाँ शहरातल्या माझ्या संध्याकाळच्या इंग्रजीच्या वर्गात ‘पिक अप’ आता सगळे फ्रेंच विद्यार्थी न अडखळता वापरतात. ते श्रेय तुमचं आहे आणि ते चारचौघांत सांगावं, म्हणून हे जाहीर पत्र.

फ्रेंच माणूस जमिनीवरची किल्ली उचलतो तेव्हा ‘रामासे’ म्हणतो, वाजणारा फोन उचलतो तेव्हा ‘देक्रोशे’. मुलाला शाळेतून आणायचं तर ‘आले शेर्शे’, सर्दी झाली तर ‘आत्रापे’, रेडिओवर स्टेशन लागलं तर ‘कापते’. इंग्रजी या सगळ्यांना ‘पिक अप’ वापरते. इतकंच नव्हे, अनोळखी बाईशी लगट करणाऱ्यालाही! तिथे फ्रेंच ‘द्रागे’ म्हणते. म्हणून ‘आठ वाजता तुला पिक अप करतो’ या साध्या निरोपाचाही नवख्या कानांना धसका बसतो.

तुम्ही पुण्याहून फोनवर म्हणालात, “अर्थांची यादी देऊ नकोस, आधी कर्म दे.” फोन, मुलं, सर्दी, स्पॅनिश भाषा. कर्म समोर आलं की अर्थ आपोआप ठरतो. त्यातही कर्माच्या जागी सर्वनाम आलं तर ते मधेच बसतं, ‘पिक इट अप’. फ्रेंचमध्ये ते सहसा क्रियापदाच्या आधी येतं, त्यामुळे ही जागा जिभेला वळण लागेपर्यंत म्हणून घ्यावी लागते, तीही ‘अप’वर जोर देऊन.

फ्रेंच विद्यार्थ्यांना हा ‘अप’ का जड जातो, त्यामागचं कारणही तुमच्याकडूनच कळलं. ‘धावत बाहेर पडला’ हे सांगताना फ्रेंच बाहेर पडणं क्रियापदात घालते आणि धावणं मागून जोडते. इंग्रजी धावण्याला क्रियापद करते आणि बाहेरची दिशा छोट्या शब्दावर सोपवते. असा छोटा शब्द फ्रेंच कान सहज गाळतो. शिवाय १०६६च्या नॉर्मन विजयानंतर इंग्रजीत फ्रेंच शब्दांची रीघ लागली, पुढे थेट लॅटिनमधूनही शब्द आले. त्यामुळे ‘सहन करणं’ या अर्थी ‘पुट अप विथ’ऐवजी ओळखीचं ‘टॉलरेट’ त्यांना जवळचं वाटतं. ते चूक नाही, पण घरगुती गप्पांत फार औपचारिक वाटतं.

आणि तुम्ही आठवण करून दिलीत ती आपल्या ‘करून टाक’ची. त्या ‘टाक’मध्ये फेकणं कुठे उरलंय? मराठी माणसाला हे शिकवणं जमायलाच हवं, हा तुमचा आग्रह मला फार बळ देऊन गेला.

आता ‘टेक ऑफ’ घेणार आहे. विमान आणि धंदा, दोन्हींना ‘देकोले’ चालतं. कोटाला मात्र ‘आंल्वे’ लागतं. सुरुवात कोटापासून करू की विमानापासून, तेवढं कळवा.

तुमची विद्यार्थिनी