डोक्याचा मार आणि जुन्या गोळ्या

मा. संपादक,
स. न. वि. वि.

गेल्या जूनमध्ये शाळेतून परतताना वाईच्या अलीकडे ओल्या खडीवर माझी स्कूटी घसरली आणि डोकं कडेच्या दगडावर आपटलं. हेल्मेट होतं म्हणून वाचले. शुद्ध गेली नाही, सीटी स्कॅन नॉर्मल आला, रात्री घरी आले. पण पुढचे दोन महिने मी माझी नव्हते. कुकरची शिट्टी झाली की डोक्यात घण बसायचा. दुसरीची मुलं पाढे म्हणू लागली की मी फळ्याला धरून उभी राहायचे. हजेरी घेताना ओळ हरवायची, म्हणून नावांखाली पट्टी धरून वाचायचे.

घरात याचं निदान आधीच झालं होतं. २०२१ च्या एप्रिलमध्ये कोरोनाने माझे पती गेले. त्यानंतर दीड वर्ष मी नैराश्यावर एस्सिटालोप्राम घेत होते. डॉक्टरांनीच ती हळूहळू कमी करत बंद केली. जाऊबाई म्हणाल्या, "त्या गोळ्यांनीच मेंदू नाजूक झाला. नाहीतर एवढ्याशा पडण्याने कुणाला असं होतं?" त्या मनाने वाईट नाहीत, दोन महिने माझा डबा त्यांनीच केला. पण ते वाक्य रुतून बसलं. ज्या गोळीने मला उभं केलं, तिनेच आतून पोखरलं की काय, या विचाराने रात्री डोळा लागत नसे.

शेवटी माझ्या जुन्या मनोविकारतज्ज्ञांना गाठलं. त्यांनी कागदावर मेंदू काढून दाखवला. हादरा बसला की पेशींचं रसायन आणि ऊर्जेचा हिशेब काही काळ विस्कटतो. ते सीटी स्कॅनमध्ये दिसत नाही. स्कॅन मुख्यतः रक्तस्राव किंवा फ्रॅक्चर नाही ना, हे पाहायला असतो. बंद केलेली ही गोळी आठवडा-दोन आठवड्यांत शरीरातून निघून जाते. ती पूर्वी घेतल्यामुळे मेंदू हादऱ्याला कच्चा होतो, असा ठोस पुरावा नाही. माझ्या बाबतीत कावळा बसायला आणि फांदी तुटायला एकच गाठ पडली होती. मात्र ज्यांना आधी नैराश्य किंवा चिंतेचा आजार झालेला असतो, त्यांना अशा मारानंतर बरं व्हायला जास्त वेळ लागू शकतो, हे अभ्यासांत दिसलं आहे. हे ऐकून मी तिथेच रडले, सुटल्यासारखं वाटून.

आता माझी तक्रार. अपघाताच्या दिवशीच्या अर्जात बीपी, साखर, दमा, सगळं होतं. मनाच्या आजाराला एक ओळही नव्हती. "काही गोळ्या चालू?" हा प्रश्न जाऊबाई आणि पुतण्यासमोर मोठ्याने विचारला गेला, आणि मी फक्त "नाही" म्हणाले. डोक्याला मार लागलेल्या खेळाडूंसाठी जगभर वापरतात त्या 'स्कॅट' तपासणीत आधीच्या नैराश्याचा प्रश्न छापलेलाच असतो. मग स्कूटीवरून पडलेल्या बाईला तो का विचारत नाहीत? नातेवाइकांना बाहेर बसवून विचारला असता, तर मी सगळं सांगितलं असतं. मानसिक आरोग्यसेवेच्या २०१७ च्या कायद्यानेही गोपनीयतेचा हक्क दिलेला आहेच.

ज्यांच्या गोळ्या आज चालू आहेत त्यांनी तर हे लपवूच नये. या प्रकारच्या गोळ्यांनी रक्तस्रावाचा धोका थोडा वाढतो. सोबत अ‍ॅस्पिरिन, आयब्युप्रोफेनसारखी वेदनाशामकं घेतली तर आणखी. आणि भीतीपोटी गोळी एकदम तोडू नये. माझ्या एका सहकारी बाईंनी बाथरूममध्ये पडल्यावर तेच केलं. चौथ्या दिवशी गरगरायला लागलं, मळमळ, डोक्यात विजेचे झटके. सगळ्यांना वाटलं, मार आता अंगावर आला. खरं तर गोळी अचानक बंद केल्याचा तो त्रास होता. डॉक्टरांनी गोळी पुन्हा सुरू केली आणि आठवड्याभरात त्या शाळेत आल्या.

माझं नाव-गाव आपल्याकडे दिलं आहे, ते कृपया छापू नये. मुलीसाठी स्थळं पाहतो आहोत, आणि आईने मनाच्या गोळ्या घेतल्या होत्या हे कळल्यावर एक ठिकाण आधीच मागे फिरलं आहे.

आपली,
एक प्राथमिक शिक्षिका, ता. वाई, जि. सातारा